वाचला असे समजावे

आमच्या साहेबांना कुणी "कसे आहात?" असं विचारलं, की ते क्षणभर थांबत, मनातल्या मनात काहीतरी चाचपून बघत आणि मग म्हणत, "तपासलेलं नाही." चेष्टा म्हणून नव्हे. विचारणारा हसावं की गप्प राहावं अशा पेचात पडे आणि साहेब सायकल ढकलत पुढे जात. हो, ढकलतच. त्यांच्या सायकलला दिवा होता, घंटी होती, दसऱ्याला तिला झेंडूची माळही पडे. पण तिच्यावर बसलेले साहेब नगरात कुणी पाहिले नाहीत. कॅरिअरला कागदांची पिशवी, दांडीला अडकवलेली छत्री आणि शेजारून चालणारे साहेब. बसत का नाही, म्हणून मी एकदा विचारलं. "बसलं की पोचायची घाई होते," म्हणाले.

साहेब ऑडिटर, कंपन्यांचे हिशेब तपासणारे, आणि मी त्यांच्याकडे टायपिस्ट होते. माळीवाड्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खालून येणारा औषधांचा वास आणि वरचा जुन्या कागदांचा वास माझ्या साड्यांना कायम चिकटलेला असे. सासूबाई म्हणत, "ऑफिसातून येतेस की इस्पितळातून?" इंग्रजी मला समजे थोडं आणि टाइप होई भराभर. एक मजकूर मात्र तोंडपाठ होता, ऑडिटरच्या अहवालाचा. आम्ही हिशेब तपासले, हवी ती माहिती मिळाली, आणि आमच्या मते हे हिशेब कंपनीच्या स्थितीचं खरं आणि रास्त चित्र दाखवतात, असं त्याचं सार. कंपनीचं नाव तेवढं बदलायचं. रात्रीला भाजी काय करावी याचा विचार करत मी तो बिनचूक टाइप करत असे. अशा अहवालाला आम्ही स्वच्छ अहवाल म्हणत असू. एखादी गोष्ट पटली नाही तर साहेब त्यात शेरा घालत, आणि मग त्या कंपनीचे मालक आमचा लाकडी जिना पाय आपटत चढत.

सहीचा मोठा थाट असे. पंखा बंद करायचा, माझं मशीन थांबवायचं, साहेब उभे राहणार, चपला काढणार आणि मग सही. बसून सही केलेली मी कधी पाहिली नाही. सही झाली की कपाटातून गूळ-शेंगदाण्याचा डबा निघे आणि सगळ्यांच्या तळहातावर थोडं थोडं पडे. आम्ही तिथे पोटासाठी होतो, पण त्या दोन मिनिटांत आपण काहीतरी पवित्र करतोय असं उगीच वाटायचं.

साहेबांना हिशेब नाकानं कळतो असं कापडबाजारात बोललं जाई. ते मालाची मोजणी करायला गेले की आधी वास घेत. गुळाच्या ढेपा, कापसाच्या गाठी, मिरचीची पोती, सगळ्याचा. एकदा मिरचीच्या गोदामातून ते शिंकत बाहेर आले आणि शिंकता शिंकताच म्हणाले, "ही गेल्या वर्षीची आहे." मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता म्हणे.

आणि वर्षातून एकदा, मार्चअखेरचं काम आटोपलं की, ते सगळ्या ऑफिसला एसटीत घालून घोडेगावच्या बैलबाजारात नेत. ऑडिट शिकायचं असेल तर इथे शिका, असं त्यांचं म्हणणं. शिंगं साळून हिंगूळ लावलेला, अंगाला तेल चोपडलेला, मीठपाणी पाजून पोट फुगवलेला एखादा म्हातारा बैल ते हेरत आणि आम्हाला विचारत, "सांगा, याचं वय किती?" विकणारा हेडी दात दाखवायला खळखळ करी. रुमालाखाली बोटं धरून भाव चालत. त्या सगळ्या गर्दीत मी एकटीच बाई, डोक्यावर पदर घेऊन बैलाच्या तोंडात वाकून बघतेय. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

"विकायला आणलेला बैल आणि छापलेला ताळेबंद," साहेब परतीच्या एसटीत सांगत, "दोन्ही सजवूनच आणतात. सजवण्याला माझी हरकत नाही. वय चोरू नये." मग जरा वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणत, "नफा दर वर्षी गुळगुळीत दिसला, की समजावं, कुणीतरी त्यावरून हात फिरवलाय."

हे त्यांचं वाक्य मला पाठ होतं. त्यांनाही पाठ होतं. आणि तरी पुढे जे झालं ते झालं, याचंच मला वाईट वाटतं.

शहराबाहेर एक तेलाची मिल होती. करडई आणि शेंगदाणा. तिचे चेअरमन मूळचे पारनेरकडचे, शेतकरी घरातले, धोतर-टोपीतले. त्यांनी गावोगाव फिरून मास्तर, कारकून, बागायतदार, कोरडवाहूवाले अशा सगळ्यांना भागधारक करून ही कंपनी उभी केली होती. माणूस रांगडा आणि मोकळा. साहेबांची आणि त्यांची गट्टी जमली होती. साहेबांच्या विधवा बहिणीचे, अक्कांचे, यजमान याच मिलमध्ये अगदी सुरुवातीपासून कारकून होते. ते गेले आणि त्यांचे थोडे शेअर अक्कांकडे आले. ऑडिटरच्या घरात कंपनीचे शेअर नकोत म्हणून साहेब विकायला सांगत, अक्का म्हणत, "ती त्यांची आठवण आहे, आठवण विकू का?" शेवटी तोड अशी निघाली, की घरात मिलचं नावही काढायचं नाही. दोघं बहीणभाऊ एका छपराखाली राहत, एकत्र जेवत, आणि मिलचा विषय निघाला की साहेब पानावरून उठून जात.

मिलची वार्षिक सभा आवारातच भरायची. तट्टे बांधत, सतरंज्या टाकत. बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, म्हणून अक्कांना सोबत म्हणून साहेब मला पाठवत. सभेचा एक रिवाज होता. चेअरमन उभे राहत आणि विचारत, "ऑडिटरसाहेबांचा अहवाल इंग्रजीत हाय. वाचला असं समजावं का?" सगळे एका आवाजात ओरडत, "समजावं!" टाळ्या पडत, डिव्हिडंड जाहीर होई आणि शेवचिवडा येई. साहेब पहिल्या रांगेत बसून मान हलवत. अहवाल सभेपुढे वाचला जावा असा कायदा होता, पण स्वच्छ अहवाल कशाला वाचायचा? सही आहे ना साहेबांची, झालं.

मिलचा नफा वर्षानुवर्षं सारखा होता. थोडा थोडा वाढता. पाऊस कमी होवो, जास्त होवो, मिल आपली सरळ चालत होती. त्याचं गुपित मागच्या टाकीत होतं, आणि ते साहेबांपासून लपलेलं नव्हतं. चांगल्या वर्षी चेअरमन काही तेल मागच्या टाकीत टाकत आणि हिशेबात ते खवट झालंय, साबणवाल्यांनाच विकता येईल, असं लिहून त्याची किंमत नावापुरती धरत. त्यामुळे त्या वर्षीचा नफा कमी दिसे. साहेबांना हे मान्य होतं. नुसतं मान्य नव्हे, आवडायचं. फुगवून दाखवणारे त्यांनी खूप पाहिले होते. कमी दाखवणारा मालक म्हणजे सावध माणूस, जपून पावलं टाकणारा, असं ते म्हणत. आयकरवाल्यांनी एकदा त्या तेलाबद्दल विचारलं तेव्हा साहेबांनीच जाऊन त्यांची समजूत घातली होती.

मिरच्यांचा वास घेणाऱ्या या माणसानं त्या टाकीचं झाकण कधी उघडलं नाही. बैलबाजारात बैल आहे त्यापेक्षा म्हातारा आहे असं सांगणारा हेडी भेटला असता, तर त्याच्या बैलाचे दात कुणी कशाला बघितले असते? तसंच झालं.

मग तो बहात्तरचा दुष्काळ आला. खरिपाचा शेंगदाणा गेला, रब्बीची करडई उगवलीच नाही. मिलमध्ये गाळायला बी नव्हतं. यंत्रं बंद, आवारात नुसती धूळ. मिलचे कितीतरी कामगार सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेले. चेअरमन वाईट माणूस नव्हता. आवारात चूल मांडून त्यांनी कामगारांच्या पोरांसाठी मिलोच्या, म्हणजे रेशनवर आलेल्या परदेशी ज्वारीच्या, पेजेची कढई चालवली होती, घरची जनावरं विकून. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि म्हणूनच त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

वर्षअखेरचे हिशेब आले. नफा मागच्या वर्षापेक्षा किंचित जास्त.

साहेब त्या दिवशी मिलवर गेले ते दुपारभर परतले नाहीत. आले तेव्हा टोपी हातात होती. खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "बाई, मागच्या टाकीचं झाकण उघडलं मी. तळाशी थोडंसं उरलंय. करडईचा गोड वास येतोय त्याला."

"मग बरंच की," मी म्हटलं. मला काय कळणार?

"कधी खवट नव्हतंच ते," साहेब म्हणाले. "यंदा टंचाईत सोन्याच्या भावानं गेलं आणि सगळे पैसे यंदाचा नफा म्हणून लिहिले. चांगल्या वर्षी भरायचं, वाईट वर्षी गुपचूप काढून विकायचं; म्हणून इतकी वर्षं पाऊस वरखाली झाला आणि यांचा नफा मात्र एका रेषेत. मला दिसलं नाही. मला, बाई!"

दुसऱ्या दिवशी चेअरमन आले. जिन्यावर पाय आपटले नाहीत, हळूच आले. लाकडी पडद्याच्या अलीकडे मी बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, त्ये तेल माझ्या मिलचं हाय. चोरीचं न्हाई," चेअरमन म्हणाले. "मी राखलं, दुष्काळासाठीच राखलं. आज कामी आलं. यात खोटं काय?"

"राखलंत हे उत्तम केलंत. तसंच लिहा. यंदा तोटा झाला, जुन्या तेलावर तगलो, असं लिहा. मी पंखा बंद करून आत्ता सही करतो."

"तसं लिवलं तर ठेवी कोन ठिवंल?"

मग कळलं. मिल लोकांकडून ठेवी घेणार होती. दुष्काळातही नफ्यात असलेली कंपनी, अशी जाहिरात वर्तमानपत्रात द्यायची तयारी झाली होती. त्या पैशांवर पुढचा हंगाम गाठायचा, बी आणायचं, कामगार परत बोलवायचे.

"निदान माझा अहवाल निघेपर्यंत जाहिरात थांबवा," साहेब म्हणाले.

"तवर मिल थांबंल का साहेब? लोकं खडी फोडत्यात माझी." चेअरमनचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "पाऊस पडला की समद्यांचे पैसे व्याजासकट दीन. माझ्या पोरांची आन. तुमी फकस्त नेहमीसारखी सही करा."

"नाही करता येणार."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग चेअरमन अगदी शांतपणे म्हणाले, "कमी दाखवलं तवा तुमी शाबासकी दिली हुती. आता जास्त दाखवलं तर खोटं म्हनताय. एकाच टाकीतलं तेल हाय, साहेब. यंदाचं खोटं म्हनाल, तर मागल्या समद्या सह्याबी खोट्या पडत्यात. बगा बुवा."

ते गेले. साहेब आतून बाहेर आले नाहीत. मी पाणी नेऊन ठेवलं, ते तसंच राहिलं.

खरं तर वाट निघत होती. 'जुन्या साठ्याच्या किमतीबाबत व्यवस्थापनाच्या म्हणण्यावर विसंबलो' असं गुळमुळीत वाक्य घालून साहेबांना सुटता आलं असतं. तसली वाक्यं मी दुसऱ्या ऑडिटरांच्या अहवालांत पुष्कळ पाहिली होती. कुणाला काही बोध होऊ नये आणि उद्या कुणी विचारलं तर दाखवता यावं, एवढ्यासाठीच ती असतात. साहेबांनी तसा एक मसुदा लिहिलाही. मी तो टाइप करायला घेतला तेव्हा त्यांनी मशीनमधून कागद ओढून घेतला.

त्याच आठवड्यात जाहिरात आली. मी काही कागदांवर सह्या घ्यायला साहेबांच्या घरी गेले होते. साहेब पडवीत बसलेले. आतून अक्का आल्या, ठेवणीतली साडी, हातात पिशवी. मला म्हणाल्या, "बरं झालं आलीस. जरा ठेव ठेवून येते. मिलचं नाव काढायचं नाही म्हणून याला सांगत नाही हो, तुलाच सांगतेय." आणि भावाकडे बघून हसल्या. यजमानांच्या फंडाचे पैसे होते ते. आयुष्यभराचे म्हणावे असे तेवढेच.

मी साहेबांकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतील. अहवालावर अजून सही नव्हती, तो निघाला नव्हता, आणि न निघालेल्या अहवालातली गोष्ट सख्ख्या बहिणीलाही सांगायची नाही ही त्यांची शिस्त. जी गोष्ट घोडेगावच्या, पारनेरच्या, सगळीकडच्या माणसांना ठाऊक नाही, ती केवळ घरातली म्हणून अक्कांना आधी कशी कळावी? मला हे आता कळतं. तेव्हा माझा नुसता संताप झाला. मी स्वतःच बोलणार होते, तर साहेबांनी हात वर करून मला थांबवलं. अक्का चपला घालून गेल्या. साहेबांनी कागदांवर सह्या केल्या, बसूनच. एक सही रेघेबाहेर गेली.

दोन दिवसांनी त्यांनी अहवाल लिहून दिला. शेरा सरळ होता: हा नफा या वर्षीचा नाही, आणि आधीच्या वर्षांच्या अहवालांवरही विसंबू नये. मी टाइप करताना विचारलं, "साहेब, या ओळींखाली रेघ मारू का? लोकांच्या नजरेत भरेल."

"नको. वाचणाऱ्याला रेघ लागत नाही."

छापील पुस्तिका गावोगाव गेल्या. इंग्रजीत. कुणी म्हणजे कुणी काही विचारायला आलं नाही.

सभेच्या दिवशी नेहमीपेक्षा गर्दी होती. पाऊस बरा झाला होता, माणसं जरा हसतमुख होती. चेअरमन उठले. "ऑडिटरसाहेबांनी काही सूचना केल्यात. अहवाल वाचला असं समजावं का?"

"समजावं!"

साहेब पहिल्या रांगेतून उठले. "नाही," म्हणाले. "आज वाचायचा आहे." खिशातून त्यांनी कागद काढला. मराठीत करून आणला होता, स्वतःच्या हातानं. कायद्यानं त्यांना अडवता येत नव्हतं. त्यांनी चपला काढल्या आणि वाचू लागले.

"या वर्षी कंपनीला तोटा झाला आहे. दाखवलेला नफा जुन्या तेलाचा आहे. ते तेल आधीच्या वर्षांत खवट म्हणून फुकटाच्या भावात धरलं होतं. ते खवट नव्हतं. मी तपासलं नाही. ज्या वर्षांत नफा कमी दाखवला त्या वर्षांच्या हिशेबांवर मी काही शेरा न मारता सही केली. ती माझी चूक आहे. माझ्या त्या सह्यांवर विश्वास ठेवून कुणी ठेव ठेवली असेल, तर ती ठेवायला नको होती."

 मग एकदम गलका. एक शेतकरी उभा राहिला. "कमी दाखवलं तवा गप बसला, आन आता चार पैसं दिसाया लागलं तर बोलताय व्हय?"

"हो," साहेब म्हणाले. "तीच चूक झाली माझी."

"मंग आताचं तुमचं खरं कशावरून?"

 साहेब कागदाची घडी घालत उभे राहिले. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "ते सगळं असू द्या. डिव्हिडंड मिळणार की नाही?" चेअरमननी मिळणार म्हणून सांगितलं आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्या अजून माझ्या कानात आहेत. आपल्याला वाचवायला उभा राहिलेला माणूस समोर, आणि लोक त्याच्या देखत बुडवणाऱ्याला टाळ्या देत होते.

मग नवीन ऑडिटर नेमायचा ठराव आला. कुणीतरी पुण्याचे. चेअरमन खाली बघत म्हणाले, "साहेब आमच्या घरचे हायेत. पन वय झालं." हात वर करायला सांगितलं. हातांचं रान उठलं. मी शेजारी बघितलं तर अक्कांचाही हात वर होता.

मी त्यांचं मनगट धरलं. "अक्का, अहो काय करताय? हा ठराव साहेबांना काढायचा आहे."

"कळतंय मला," अक्का म्हणाल्या. हात त्यांनी खाली घेतला नाही. "तो स्वतःच सांगतोय ना, माझ्या सहीवर विसंबू नका म्हणून? इतकी वर्षं त्याची सही बघून मी डोळे मिटून राहिले. आज त्याचं ऐकायला नको?"

साहेबांनी मागे वळून बघितलं. त्यांना तो हात दिसला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्यावर म्हणाले, "बाई, कालच्या सभेत माझा अहवाल एकाच माणसानं ऐकला." त्यांना हसायचं होतं, पण ते जमलं नाही.

पुढचं लवकर सांगते, कारण रेंगाळण्यासारखं त्यात काही नाही. स्वतःच्याच सह्या चूक म्हणणारा ऑडिटर कोण ठेवणार? एकेक कंपनी सोडून गेली. पुण्याच्या ऑडिटरनी स्वच्छ अहवाल दिला, ठेवी आणखी आल्या, आणि त्यानंतरच्या वर्षी मिलच्या फाटकाला कुलूप लागलं. मागची टाकी रिकामी होती, पुढच्याही रिकाम्या होत्या. चेअरमननी स्वतःची जमीन विकून काहींचे पैसे दिले, सगळ्यांचे देणं शक्यच नव्हतं. अक्कांचे गेले.

मग लोक साहेबांकडे आले. तेच लोक. मास्तर पडवीत बसून रडले. "तुम्हाला माहीत होतं," म्हणाले, "तर ओरडून का नाही सांगितलंत?" साहेबांनी 'मी वाचून दाखवलं होतं' असं म्हटलं नाही. सगळ्यांना पाणी दिलं, सगळ्यांचं ऐकून घेतलं. मास्तर जाताना म्हणाले, "आम्हाला नुसती सही बघायची सवय तुम्हीच लावलीत." अहवालांबद्दल आणि ऑडिटरांबद्दल पुढे मी खूप ऐकलं, पण याहून खरं कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

ऑफिस बंद झालं. मला दुसरीकडे नोकरी लागली, मुलं झाली, येणंजाणं कमी झालं. साहेबांना विस्मरण होऊ लागल्याचं कानावर आलं तेव्हा भेटायला गेले. ते पडवीत होते, अंगावर स्वच्छ धुतलेला सदरा. त्यांनी मला ओळखलं नाही. कसे आहात, असं मी विचारलं, त्यावर नुसतं बघत राहिले. मिल कधीची पाडली होती, तिच्या जागी गोदामं झाली होती. त्यांना नगर आठवत नव्हतं, सायकल आठवत नव्हती, कुठलं साल आहे ते आठवत नव्हतं.

संध्याकाळी अक्का देवळात जायला म्हणून साडी बदलून बाहेर आल्या. त्यांना बघताच साहेब धडपडत उठले आणि दारात आडवे उभे राहिले. दोन्ही हात चौकटीला लावून.

"अक्का, मिलमध्ये ठेव ठेवू नकोस," ते म्हणाले. "मी सांगतोय ना. ठेवू नकोस."

 अक्का माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "रोजचं आहे हे. साडी बदलली की." मग त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि भावाचे हात चौकटीवरून एकेक करून सोडवले.

"नाही ठेवत," म्हणाल्या. "बरं झालं बाबा, वेळेवर सांगितलंस."